कांद्याची निर्यातबंदी

आज कांद्याविषयी बोलू. भाव पडला तर पिकवणारा रडतो. भाव चढला तर विकत घेणारा रडतो. सरकारला दोघांकडे पाहावे लागते.

२०२३ च्या अखेरीस कांदा महागला. देशात पुरावा म्हणून सरकारने डिसेंबरात कांदा परदेशी पाठवण्यास बंदी घातली. हीच निर्यातबंदी. लासलगावच्या बाजारात भाव कोसळले. तिकडे बांगलादेशात आपला कांदा पोचेना. तिथे तो महागला.

देशादेशांनी मिळून व्यापाराचे नियम केले आहेत. सहसा निर्यात बंद करू नये, असा नियम आहे. अन्नाची फार टंचाई झाली तर बंदी चालते. पण ती तात्पुरती हवी.

आपली बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. पुढे ती वाढली. ४ मे २०२४ ला उठली. तरी अटी राहिल्याच. टनाला निदान ५५० डॉलर भाव हवा, शिवाय शेकडा ४० कर. पुढे कर कमी झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून गेला.

म्हणून नुसते 'बंदी उठली' ऐकून गाडी भरू नका. आता वाचता येते ना? मुदत वाचा, अटी वाचा. मग ठरवा, कांदा विकायचा की चाळीत ठेवायचा.