वर्धापनदिनाचा कवितासंग्रह

छोटी प्रकाशन संस्था वर्धापनदिनी जाहिरातींनी फुगलेली स्मरणिका काढते, तेव्हा हिशेब जुळतो. कवितासंग्रह काढला तर बहुधा पदरमोड होते. तरीही दुसरी वाट मला अधिक शहाणपणाची वाटते, आणि त्यासाठी सुरतेकडे पाहावं. तिथल्या कवी नर्मदने १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीवर जगायचा पण केला, १८६४ मध्ये ‘दांडियो’ हे पाक्षिक सुरू केलं, १८७३ मध्ये ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश पुरा केला. कर्ज मात्र वाढत गेलं आणि १८८२ मध्ये पुन्हा नोकरी पत्करावी लागली. धंदा म्हणून हे अपयशच. पण सुरतेचं विद्यापीठ आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं! मराठीत अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने १९७७ मध्ये अरुण कोलटकरांच्या कविता छापल्या, २००३ मध्ये ‘भिजकी वही’ काढली, तिला पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मधली पंचवीसेक वर्षं कोणत्या ताळेबंदात मांडणार?

आक्षेप असा, की वर्धापनदिनाचे असे संग्रह म्हणजे ओळखीपाळखीच्या कवींचा मेळावा. प्रत्येकाच्या दोन कविता, न्याय कुणालाच नाही. आक्षेप खरा आहे, पण तो संपादनावरचा आहे, कल्पनेवरचा नव्हे. कवी थोडे घ्यावेत, प्रत्येकाला पानं भरपूर द्यावीत, कवितेखाली प्रथम प्रकाशनाचं साल छापावं आणि निवडीची कारणं संपादकाने स्वतःच्या नावानिशी लिहावीत. मग वाचकाला त्या निवडीशी भांडता येतं. स्मरणिकेशी कोण भांडणार?