मुलाला ‘ढ’ म्हणण्यापूर्वी
(शेतकरी-कारागिरांच्या मेळाव्यांतील भाषण)



“आमचें पोर ढ आहे, शाळेंतून काढून ढोरांमागें लावतों,” असें बोलणें घरोघरीं ऐकूं येतें. माझा सवाल एवढाच, कीं तें ढ आहे हें तुम्हीं ठरविलें कशावरून? रोपाला पाणी पोंचलें नाहीं तर आपण रोपाला शिव्या देत नाहीं. पाट कोठें तुंबला तें पाहतों. डोळे, कान आणि हात हे विद्येचे पाट आहेत. तेच तुंबले, तर पोराचें ध्यान टिकणार कसें?

माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर. १९०७ सालीं रोम शहरांत मजुरांच्या वस्तींत त्यांनीं बालगृह काढलें. तेथील पोरांच्या हातीं गुळगुळीत व खरबरीत फळ्या दिल्या. काचकागदाचीं अक्षरें बोटानें गिरवूं दिलीं. तीं पोरें कामांत गढून गेलीं, लिहूं लागलीं. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं बालशिक्षणाचें काम मांडलें आणि महागड्या साहित्याऐवजीं शंख-शिंपले, बिया, पानें यांवर भागविलें.

मग कुणब्या-कुंभाराच्या घरीं काय उणें आहे? डोळे मिटून मुठींतली ज्वारी कीं बाजरी ओळखूं द्या. मडकें टिचकीनें वाजवून सबंध कीं तडकलेलें, तें ऐकूं द्या. रंधा मारलेल्या व न मारलेल्या फळीवरून बोट फिरवूं द्या. धुळींत अक्षर गिरवतांना तें मोठ्यानें म्हणूं द्या. म्हणजे बोट, डोळा व कान एकाच कामाला जुंपले जातात. मात्र त्या वेळीं शेजारीं मोबाइल गात नसावा.

आणि इतकें करूनही पोर मागें राहिलें, तर तपासा. फळ्याकडे पाहतांना तें डोळे बारीक करतें काय? पुस्तक नाकाशीं नेतें काय? पाठीमागून हळू हाक मारल्यास वळतें काय? कान वाहतो काय? तसें असेल तर कानांत तेल ओतूं नका, अंगारे-धुपारे करूं नका. सरकारी दवाखाना गांठा. मुलांच्या तपासणीसाठीं २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे; शाळेंत पथक कधीं येतें तें गुरुजींना हक्कानें विचारा. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही न्या.

पोराच्या कपाळीं ‘ढ’ हें अक्षर ब्रह्मदेवानें लिहिलेलें नाहीं. तें आपणच लिहितों. आधीं पाट मोकळा करा, मग पिकाविषयीं बोला.