कागद नसलेला श्रमिक

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘अनधिकृत’ हा शब्द पनवेलकरांना नवा नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या, आणि वाढत्या कुटुंबांसाठी गावठाणाबाहेर बांधलेली भूमिपुत्रांची घरे कागदोपत्री अनधिकृत ठरली. दीर्घ लढ्यानंतर ती नियमित करण्याचे निर्णय शासनाला घ्यावे लागले. आपल्याच जमिनीवर घर बांधणारा भूमिपुत्र आणि सीमा ओलांडून आलेला परदेशी यांचे प्रश्न एक नव्हेत, हे मी जाणतो. तथापि वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या वास्तवाला कायद्याने कसे सामोरे जावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

अशा परदेशीयांना नागरिकत्वाची वाट देण्याचे तत्त्व आपल्या सरकारने स्वीकारलेले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांसाठी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली. मार्च २०२४ मध्ये तिचे नियमही आले. छळाला कंटाळून आलेल्यांना आसरा मिळतो, याचा मला आनंदच आहे. आक्षेप इतकाच की, दार उघडताना सरकार माणसाचा धर्म विचारते. त्याचे श्रम व त्याची वर्षे सर्वांसाठी सारख्या मापाने मोजत नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातली मजुरीची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. किमान वेतनाचा कायदा मजुराचे नागरिकत्व विचारत नाही. परंतु ज्याला हद्दपारीचे भय आहे तो दाद मागायला जाणार कसा? ठेकेदाराला हे भय फुकट मिळालेले भांडवल असते. त्या भयाच्या बळावर तो एकाची मजुरी पाडतो, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या मराठवाड्यातील मजुराचीही पाडतो. ‘परके आपले काम हिरावतात’ असे आपण म्हणतो. मजुरी पाडणारा हात मात्र ठेकेदाराचा असतो.

शिवाय धरपकडीचा वरवंटा कोणावर फिरेल याचा भरवसा नसतो. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत लोटण्यात आले. ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्यांचा अपराध एवढाच की ते गरीब होते आणि बंगाली बोलत होते.

आपली कोकणची माणसेही आखातात मजुरीला जातातच की! संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात परवान्याची मुदत संपूनही राहिलेल्या परदेशीयांचा दंड माफ केला. त्यांनी मायदेशी जावे किंवा रीतसर परवाना घेऊन राहावे, अशी मुभा दिली. तेथे आपल्या माणसाला मिळालेली सवलत आपण न्याय्य मानतो. मग तेच माप येथे लावताना आपला हात का अडखळावा?

अशी सवलत दिल्यास लोंढे वाढतील, ही भीती निराधार नाही. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना अधिकृत दर्जा दिला. मालकांवरील निर्बंध मात्र ढिले राहिले आणि विनापरवाना मजुरांची संख्या पुन्हा फुगली. यातून घ्यावयाचा धडा असा की, मजुराला दर्जा आणि मालकाला शिक्षा ही जोडी फोडता कामा नये.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. एक ठरावीक तारीख, वास्तव्याचा व कामाचा पुरावा, गुन्हेगारीची छाननी, प्रथम कामाचा परवाना आणि काही वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. ही वाट सर्व धर्मीयांना खुली असावी. त्याबरोबरच हजेरीपट न ठेवणाऱ्या ठेकेदारावर खटला भरला जावा. सीमेवर पहारा जरूर असावा, परंतु भिंत बांधून मजुरी वाढत नाही. ती संघटनेने वाढते. आणि संघटनेत येण्यासाठी माणसाला आधी आपले नाव निर्भयपणे सांगता आले पाहिजे.