नाका नसलेल्या गावात

(ईडन प्रेरीत जमलेल्या मंडळींसमोर बोललो ते, ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



आज इथे कसे आलात, ते आधी शेजारच्याला सांगा. कुणाला रूममेटने सोडलं असेल, कुणी उबर केली असेल, कुणी मालकाची व्हॅन मागून घेतली असेल. चालत आलेला माणूस विरळाच.

बोलायचंय ते याच्यावरच. गाव कसं बांधलंय, याचा आपल्या पगाराशी काय संबंध?

गाव सुंदर आहे, वाद नाही. तळी आहेत, झाडी आहे, सायकलचे रस्ते आहेत. २०१० साली ‘मनी’ मासिकाने छोट्या शहरांत याला देशात पहिला नंबर दिला होता. पण तो नंबर गाडीवाल्याच्या नजरेतून. फ्लाइंग क्लाउड ड्राइव्हवर रात्री दहाला शिफ्ट संपवून बाहेर उभे राहा, म्हणजे कळेल. समोर दुकानाचे दिवे दिसतात, पण मध्ये सहा लेनचा रस्ता किंवा ४९४ हायवे. जानेवारीत तर फुटपाथ बर्फाखाली जातो.

हे आपोआप झालेलं नाही. घरं एका बाजूला, दुकानं दुसरीकडे, ऑफिसं तिसरीकडे, अशी आखणी करून दुसऱ्या महायुद्धानंतर ही उपनगरं वाढली. शेजारच्या इडायनात १९५६ साली साउथडेल उघडलं. पूर्ण बंदिस्त आणि आतलं हवामान एकसारखं ठेवलेला हा देशातला पहिला मॉल. तो बांधणारा व्हिक्टर ग्रुएन व्हिएन्नाहून परागंदा होऊन आलेला, म्हणजे आपल्यासारखाच स्थलांतरित. त्याला भोवती घरं, शाळा, बागा असलेलं गावाचं केंद्र हवं होतं. उरलं काय, तर मॉल आणि भोवती पार्किंग. पुढे त्याने स्वतःच अशा मॉलशी नातं तोडलं. आपलं ईडन प्रेरी सेंटर १९७६ चं, त्याच वळणाचं.

आता मुद्द्यावर येतो. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला मालकाची व्हॅन हाच रस्ता. पगार देणारा तोच, कामावर नेणारा तोच, कधी कधी खोलीही त्याचीच. ओव्हरटाइम कापला गेला तर तुम्ही गप्प का बसता? घाबरट आहात म्हणून नाही. उद्या सकाळी व्हॅन आली नाही तर कामावर जायचं कसं, हा हिशोब डोक्यात असतो म्हणून. त्याला धमकी द्यावीच लागत नाही, ते काम रस्ताच करतो.

लालबाग-परळ आठवा. गिरणीचा भोंगा झाला की माणूस चाळीतून चालत निघायचा. खानावळ, नाका, चाळीची गॅलरी, सगळीकडे तीच माणसं. कुठल्या गिरणीत काय चाललंय, कुणाला किती मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप हरला, हे खरं. पण एवढी माणसं एकत्र आली, त्यात पुढाऱ्यांइतकाच त्या गल्ल्यांचाही वाटा होता.

“ते मुंबईत, इथे कसं होणार?” असं म्हणाल. इथेही झालंय, नदीपलीकडे. शाकोपीत अॅमेझॉनचं मोठं गोदाम आहे. तिथे बरेच कामगार सोमाली. त्यांची मोठी वस्ती मिनिआपोलिसच्या सीडर-रिव्हरसाइडमध्ये, रिव्हरसाइड प्लाझाच्या उंच इमारतींच्या आसपास. तिथे मशीद, चहा-कॉफीची दुकानं, जिने, लिफ्ट, म्हणजे नाकाच. आवूद सेंटर या संघटनेच्या मदतीने हे कामगार कामाच्या वेगावर आणि नमाजाच्या वेळेवर बोलू लागले. जुलै २०१९ मध्ये प्राइम डेच्या ऐन गर्दीत त्यांनी काम बंद केलं. २०२३ साली मिनेसोटात गोदाम कामगारांसाठी कायदा झाला. आता मोठ्या गोदामात तासाला किती काम करायचं, हे कामगाराला त्याच्या भाषेत लिहून द्यावं लागतं. त्याच्या भाषेत, म्हणजे तुम्ही मागितलंत तर मराठीतसुद्धा.

आपल्याकडे तसा नाका नाही. मग तो करावा लागेल. चार गोष्टी सांगतो.

एक, लायसन्स. १ ऑक्टोबर २०२३ पासून मिनेसोटात इमिग्रेशनचा कागद न दाखवता साधं लायसन्स काढता येतं. विमानाला ते चालत नाही, गाडी चालवायला चालतं. चौघांत एक जुनी गाडी, आणि दोघांकडे तरी लायसन्स असू द्या.

दोन, तास लिहा. घरून पहिल्या कामावर जायचा वेळ सहसा पगारात धरत नाहीत. पण दिवसात एका साइटवरून दुसऱ्या साइटवर नेलं, तर तो प्रवास कामाचा वेळ आहे. व्हॅन किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, रोज वहीत टिपा.

तीन, पगार एकमेकांना सांगा. पगारावर बोलायला बंदी घालणं मिनेसोटाच्या कायद्यात बसत नाही. पैसे बुडाले तर केंद्र सरकारच्या वेज अँड अवर विभागाला १-८६६-४८७-९२४३ वर फोन करा. तुमचा व्हिसा कसलाही असो, तक्रार घेतात आणि नाव गुप्त ठेवतात.

चार, भेटायची जागा ठरवा. प्रेरी सेंटर ड्राइव्हवर हेनेपिन काउंटीची लायब्ररी आहे. आत जायला पैसे लागत नाहीत, काही विकत घ्यावं लागत नाही. मॉलमध्ये बसलात तर सिक्युरिटीवाला हटकू शकतो, कारण ती खाजगी जागा. लायब्ररी सार्वजनिक आहे.

मिनिआपोलिसहून ग्रीन लाइनची साडेचौदा मैलांची नवी शाखा साउथवेस्ट स्टेशनपर्यंत येते आहे. २०२७ मध्ये सुरू होईल असं सांगतात. आली की मालकाच्या व्हॅनशिवाय शहरात जायला एक वाट होईल. तोवर बस कुठे हवी, फुटपाथवरचा बर्फ कुठे उचलत नाहीत, हे सिटी कौन्सिलच्या सभेत जाऊन सांगता येतं. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही.

जाण्याआधी एक करा. ज्याच्याशी आज पहिल्यांदा बोललात, त्याचा नंबर घ्या, आणि त्याला तासाला किती मिळतात, ते विचारा. आपलेही सांगा.