बनवणारं यंत्र आणि चालवणारं यंत्र

म्हैसूरहून बोलतोय.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर काम करतो. मुलांना कोडिंग छान येतं, पण अडतात ती बिल्डपाशी. म्हणून आज त्यावरच बोलू.

लॅपटॉपवर प्रोग्रॅम बांधला आणि तो तशाच यंत्रावर चालवला, की ते नेटिव्ह कंपायलेशन. लॅपटॉपवर बांधला पण चालणार वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरवर, तर ते क्रॉस कंपायलेशन.

हे आपल्याकडे नवीन नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झाली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर. या चिपांना स्वतःची डिस्क किंवा कीबोर्ड नसायचा. प्रोग्रॅम सर्वसाधारणपणे दुसऱ्या संगणकावर बांधायचा आणि तारेवरून आत सोडायचा. आज त्याच सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'वेगा' प्रोसेसर तयार केलेत. त्यातला 'तेजस३२' एरीज बोर्डावर मिळतो. रिस्क-फाइव्ह जातीचा, ३२ बिटांचा, १०० मेगाहर्ट्झचा, आणि आतली मेमरी २५६ किलोबाइट. एवढ्याशा जागेत कंपायलर मावणार नाही. स्वदेशी चिप वापरायची तर क्रॉस कंपायलेशन यायलाच हवं.

आता पहिला गोंधळ नावांचा. ऑटोकॉन्फमध्ये तीन शब्द आहेत: बिल्ड, होस्ट, टार्गेट. बिल्ड म्हणजे जिथे आपण बांधतो ते यंत्र. होस्ट म्हणजे जिथे प्रोग्रॅम चालणार ते यंत्र. 'होस्ट' म्हणजे आपला लॅपटॉप असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच घात होतो. टार्गेट हा शब्द मुख्यतः आपण स्वतः कंपायलरसारखं साधन बांधत असलो तरच लागतो. एरवी विसरून जा.

दुसरी गोष्ट. बांधकाम चालू असताना काही छोटे प्रोग्रॅम तिथल्या तिथे चालवावे लागतात, तक्ते तयार करायला, फाइली तपासायला. ते लॅपटॉपसाठीच बांधलेले हवेत. लिनक्स कर्नलचंच बघा. रिस्क-फाइव्हसाठी कर्नल बांधताना सुरुवातीलाच 'फिक्सडेप' नावाचं साधन लॅपटॉपच्या कंपायलरने बांधलं जातं आणि कर्नल दुसऱ्या कंपायलरने. एकाच बिल्डमध्ये दोन कंपायलर. मेसनमध्ये अशा साधनापुढे 'नेटिव्ह: ट्रू' लिहायचं असतं. राहून गेलं, तर परक्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवायची वेळ येते आणि काम तिथेच अडतं.

तिसरी गोष्ट सीमेकची. त्यात एक टूलचेन फाइल लिहायची. सिस्टम नेम द्यायचं. बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टम नसेल तर 'जेनेरिक'. मग क्रॉस कंपायलरचं नाव. आणि शोधाचे नियम: साधनं लॅपटॉपवरची घे, पण लायब्ररी आणि हेडर फक्त बोर्डासाठी ठेवलेल्या सिसरूट फोल्डरमधूनच घे. हा नियम नसेल तर सीमेक लॅपटॉपच्या लायब्ररी उचलतो. लायब्ररी चुकीची असली तर निदान लिंकर ओरडतो. हेडर चुकीचं असलं तर कधी कधी कोणीच ओरडत नाही. आणि एक लक्षात ठेवा, टूलचेन फाइल पहिल्याच कॉन्फिगरला द्यायची, रिकाम्या बिल्ड फोल्डरमध्ये. जुन्या फोल्डरमध्ये जुना कंपायलर कॅशमध्ये बसलेला असतो.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय ते. जी चूक आरडाओरडा करते तिची भीती नको. भीती हवी गप्प बसणाऱ्या चुकीची.

सी भाषेत 'चार' नावाचा प्रकार आहे. आकडा नव्हे, कॅरॅक्टरचं लघुरूप. त्यात ऋण संख्या मावते की नाही, हे भाषेच्या प्रमाणाने ठरवलेलंच नाही, ते यंत्रागणिक बदलतं. लॅपटॉपच्या इंटेल जातीवर मावते. रिस्क-फाइव्हवर मावत नाही. समजा, उंच डोंगरावरच्या ठाण्यात तापमान मोजायचं यंत्र आहे आणि वाचन 'चार'मध्ये ठेवलंय. उणे ५ अंश आलं. लॅपटॉपवरच्या चाचणीत उणे ५ दिसतं, सगळे खूश. बोर्डावर तेच २५१ दिसतं. कंपायलर बोलला नाही, लिंकर बोलला नाही. कळतं ते तिथे, बर्फात, जिथे दुरुस्त करायला कोणी नसतं. उपाय दोन शब्दांचा आहे: 'साइन्ड चार' असं स्पष्ट लिहायचं. पण आपण कोणासाठी बांधतोय हे डोक्यात असेल तरच ते सुचतं.

तसंच 'लाँग'चं. ६४ बिटांच्या लिनक्स लॅपटॉपवर तो ८ बाइटांचा, तेजस३२ वर ४ बाइटांचा. म्हणून असे आकार लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालवून मोजायचे नाहीत.

तेव्हा बोर्डावर चढवण्याआधी तीन तपासण्या करा. एक, तयार फाइलवर 'फाइल' ही आज्ञा चालवा. तिथे रिस्क-फाइव्ह दिसलं पाहिजे. दोन, बिल्डची पूर्ण नोंद उघडून बघा; त्यात लॅपटॉपच्या 'यूएसआर इन्क्लूड'चा रस्ता कुठे घुसलाय का. तीन, चाचण्या फक्त लॅपटॉपवर उरकू नका. क्यूईएमयू एम्युलेटर मोफत आहे, रिस्क-फाइव्हचा आव आणून प्रोग्रॅम चालवतो. आणि शेवटी खऱ्या बोर्डावर, खऱ्या ऋण वाचनासकट.

सैन्यात सामान पाठवताना आधी विचारतात, हे वापरणार कोण आणि कुठे. बिल्ड फाइल लिहिण्याआधी तोच प्रश्न कागदावर लिहा: बांधणार कुठे, चालणार कुठे, आणि बांधताना काय चालणार? तिन्ही उत्तरं मिळाली की टूलचेन फाइल दहा-बारा ओळींची होते.

या आठवड्यात एक छोटा सी प्रोग्रॅम दोन्ही प्रकारे बांधून बघा, नेटिव्ह आणि क्रॉस. काय वेगळं दिसलं ते कळवा. जय हिंद.