स्नेहाचं मोजमाप



पत्रिकेवरचा विषय वाचून काही नवी जोडपी आलेली दिसताहेत. त्यांची आधीच माफी मागतो. (हशा) कातडीतल्या ग्रंथी जे तेल करतात, त्याला परिभाषेत 'त्वक्स्नेह' म्हणतात. छापताना 'त्वक्' गळला आणि नुसता स्नेह उरला. आम्ही डॉक्टर त्याला सीबम म्हणतो.

आधी एक काम करा. रुमाल काढा आणि कपाळ कोरडं पुसा. पुसलंत? ठेवा रुमाल खिशात. याचा हिशेब शेवटी.

ग्रंथीची रचना तुम्ही शाळेत शिकलाच आहात, तेव्हा पळतच जातो. ती केसाच्या मुळाला चिकटलेली असते, तळहात-तळपाय वगळता जवळजवळ सगळीकडे, चेहऱ्यावर सर्वांत दाट. तिच्यातल्या पेशी तेलाने भरतात, फुटतात आणि स्वतःच तेल होऊन बाहेर येतात. हुकूम चालतो पुरुषी संप्रेरकांचा, आणि ती बायकांच्या अंगातही असतात. म्हणून वयात येताना मुरमं. झालं. पुढे.

आता माझा हट्ट ऐका. 'माझी त्वचा तेलकट आहे' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. किती वेळात तेलकट? पावसाळ्यात आपण सकाळी पेपर उघडून आधी धरणाचा आकडा बघतो. त्यात साठा वेगळा दिलेला असतो आणि आवक वेगळी. कपाळावर बोट फिरवून कळतो तो साठा. ग्रंथी किती काम करते, हे आवक सांगते. साठा रुमालाने पुसता येतो. आवक पुसता येत नाही.

हे ज्यांनी नीट ओळखलं ते बोस्टनचे स्ट्राउस आणि पोची. 1961 सालची त्यांची पद्धत बघा. कपाळ स्वच्छ करायचं, त्यावर सिगारेटचे पातळ कागद ठेवायचे, वरून पट्टी बांधायची आणि तीन तास थांबायचं. मग कागद इथरमध्ये बुडवून त्यातली चरबी काढायची, इथर उडून गेला की उरलेलं तेल तोलायचं. दहा चौरस सेंटीमीटरवर तीन तासांत साधारण 1 मिलिग्रॅम. अर्ध्याच्या खाली त्वचा कोरडी. दीड ते चार म्हणजे तेलाचा पूर. एवढ्याशा वजनासाठी माणूस तीन तास पट्टी बांधून बसवायचा!

मी बसवलाय. एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पानवाल्याकडे गेलो, म्हटलं, नुसता सिगारेटचा कागद द्या, तंबाखू नको. तो म्हणाला, "डॉक्टर, रात्रपाळीत ओढता तरी काय तुम्ही?" (हशा) सहा जण तयार झाले, त्यात आमच्या मेसचे आचारी मामा. सहाही जण डोक्याला पट्ट्या बांधून वऱ्हांड्यात पत्ते कुटत बसलेले. येणारे पेशंट विचारायचे, अपघात कुठे झाला? त्यातच वीज गेली. पंखे बंद, सगळे घामाघूम. मी निर्धास्त होतो. घाम वेगळ्या ग्रंथीचा, तो पाणी आणि मीठ; इथरमध्ये तेल विरघळतं, मीठ नाही. संध्याकाळी वजनं केली. पाच जणांची ठीक. मामांचं त्यांच्या दसपट! रात्रभर झोप नाही. मनातल्या मनात मी शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं. सकाळी सरांसमोर मामांना उभं केलं. सरांनी मामांच्या टाळूवरून बोट फिरवलं आणि मला हुंगायला दिलं. मामा म्हणाले, "पट्टीने डोकं तापेल म्हणून वाटीभर खोबरेल जिरवलं होतं, साहेब." कपाळ मी पुसलं होतं, टाळू कोण बघतो? तेल ओघळून पट्टीखाली गेलेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं! इथर तेलाला नाव-गाव विचारत नाही. वजनकाटाही नाही.

त्या दिवसापासून मी आकडा दिसला की आधी विचारतो, हे मोजण्याआधी काय केलं होतं? आता सुटसुटीत साधनं आहेत. जर्मनीतल्या कोलोनच्या कंपनीचा सीबुमीटर घ्या. त्याची पट्टी तीस सेकंद कपाळाला टेकवायची. तेल लागलं की पट्टी पारदर्शक होते, यंत्र त्यातून जाणारा उजेड मोजतं. यंत्र छान आहे. माझं भांडण यंत्राशी नाही. एका दुकानात माझं कपाळ पुसून लगेच पट्टी टेकवली आणि 'सर, ड्राय स्किन' म्हणून क्रीम गळ्यात मारलं. नळ बंद करून विहीर आटली म्हणण्यातला प्रकार! पुसल्यानंतर ठरावीक वेळाने परत मोजा, मग बोला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. (हशा) म्हणजे मोजायच्या आणखी दोन रीती राहिल्या: तेलाचे ठिपके दाखवणारी पट्टी आणि मातीचा लेप. उन्हाळ्याचं मात्र सांगायलाच हवं: त्वचेचं तापमान एका अंशाने बदललं तर तेलाचा वेग सुमारे 10 टक्क्यांनी बदलतो, हे कनलिफ आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये दाखवलं. म्हणजे या सभागृहातल्या उकाड्यात मोजलं आणि महाबळेश्वरी मोजलं, तर कपाळ तेच, आकडे दोन.

आणि दुसऱ्या रांगेतल्या आजी मघापासून हात वर करताहेत. 'सारखं धुतलं की ग्रंथी चिडून जास्त तेल सोडते का?' नाही, आजी. क्लिग्मन आणि शेली यांनी 1958 मध्येच ही समजूत खोडली. ग्रंथीला तुमचा साबण कळत नाही. ती आपल्या चालीने चालते. रिकामी झालेली जागा भरते, एवढंच.

आता कपाळाला हात लावा. लागलं काहीतरी? घाम धरू नका. काय लागलं ते मला विचारू नका, मी सांगू शकत नाही. स्ट्राउस-पोचींना तीन तास लागत होते, संयोजकांनी मला पन्नास मिनिटं दिली आणि त्यातली दहा मामांनी खाल्ली. घरी जा, चेहरा धुवा, तीन तास काही लावू नका आणि मग कपाळावर कागद टेकवा. तोवर स्वतःला तेलकट म्हणू नका.