खेळ बनवणाऱ्यांची रात्रपाळी
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



‘शिक्षणानंतर नोकरी’ हा नेहमीचा विषय मला देण्यात आला आहे. परंतु डॉक्टर-इंजिनिअरविषयी आपण दरवर्षी ऐकता. आज मी एका वेगळ्या नोकरीविषयी बोलणार आहे.

गेल्या रमजान ईदला आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून घरी आला होता. मोबाईल व कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करणाऱ्या एका स्टुडिओत तो काम करीत होता. मी भेटायला गेलो, तर शिरखुर्म्याची वाटी तशीच समोर आणि पोरगा बसल्या जागी झोपलेला. त्याची अम्मी हळूच म्हणाली, “सर, उठवू नका. किती दिवसांनी धड झोपलाय.” अब्बा मात्र म्हणाले, “खेळच तर बनवतो. त्यात दमायला काय झालं?”

अब्बांचा हा प्रश्न आपल्यापैकीही पुष्कळांच्या मनात असेल, आणि तो गैर नाही. मुलगा लेथवर उभा राहिला तर त्याचे श्रम दिसतात. खुर्चीवर बसलेल्याचे दिसत नाहीत. पण एकाच पायरीवरून पात्राला शेकडो वेळा उडी मारायला लावायची आणि ते कोठे अडकते हे टिपून ठेवायचे, याला खेळणे म्हणत नाहीत. खेळ बाजारात आणण्याची तारीख आधी जाहीर होते, काम मात्र मागे पडत जाते. मग शेवटचे काही महिने रात्रीचा दिवस करावा लागतो. या धंद्यात त्याला ‘क्रंच’ म्हणतात.

आपल्या कोल्हापूरकरांना हंगामाची धावपळ नवी नाही. गुऱ्हाळ सुरू झाले की गुळव्या काहिलीपाशी जागतो. पण हंगाम संपला की तोही घरी जाऊन पाठ टेकतो. या पोरांचा हंगाम संपतच नाही. एक खेळ बाहेर पडला की दुसऱ्याची तारीख उभी.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. २००४ साली अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदार स्त्रीने, नाव न देता, एक जाहीर पत्र लिहिले. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस काम, आणि एखाद्या शनिवारी संध्याकाळी लवकर सुटका झाली तर तेवढीच, असे तिने मांडले. पुढे कर्मचाऱ्यांच्या जादा कामाच्या दाव्यांत २००६ पर्यंत कंपनीला सुमारे तीन कोटी डॉलर मोजावे लागले. बरे, एवढे राबवून काम तरी चांगले होते काय? पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट’ने २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’साठी सहा दिवसांचा आठवडा लावला. डिसेंबरात खेळ आला, तो इतका सदोष की आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. थकलेल्या हाताने शिवलेली चप्पल कशी निघेल, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

ताण फक्त तासांचा नसतो. पुण्यात फ्रेंच कंपनी ‘युबीसॉफ्ट’चा स्टुडिओ २००८ पासून आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या खेळाची नवी आवृत्ती बनवण्याचे काम २०२० मध्ये पुणे-मुंबईच्या स्टुडिओंच्या नावाने जाहीर झाले. आपल्या मुलांना मिळालेली ही मोठी संधी होती. पण पहिली झलक पाहून जगभरच्या खेळाडूंनी चित्रांची टिंगल केली, तारखा पुढे गेल्या आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातील मॉन्ट्रियलच्या शाखेकडे गेले. वर्षानुवर्षे ज्यांनी त्यावर डोळे शिणवले, त्यांना त्या दिवशी घरी जाऊन काय सांगावेसे वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

मग मुलांना या वाटेने पाठवूच नये काय? मी तसे म्हणणार नाही. ज्याच्या हातात चित्र आहे, ज्याला गणित व प्रोग्रॅमिंगची गोडी आहे, त्याने जरूर जावे. फक्त नेमणूकपत्र वाचून सही करावी. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व जादा कामाला दुप्पट दर आहे. मात्र व्यवस्थापकीय पदाला ती कलमे लागू होत नाहीत. तेव्हा पदनाम भारदस्त दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. मुलाखतीत एवढे विचारावे, की मागचा खेळ निघाला तेव्हा शेवटचा महिना कसा गेला? उत्तर देणारा चाचरला, तर समजून घ्यावे.

आणि पालकहो, मुलगा “दमलो” म्हणाला, तर शेजारच्याचा मुलगा दुबईत किती कमावतो हे लगेच काढू नका. आमच्या त्या विद्यार्थ्याने सहा महिने कोणाला काही सांगितले नव्हते, कारण “नोकरी टिकव” हेच त्याने घरातून ऐकले होते. त्या ईदला त्याचे अब्बा आणि मी रात्री बराच वेळ बोललो. उडी मारण्याचे ते काम मी त्यांना सांगितले. ते गप्प राहिले.

दोन महिन्यांनी मुलाने जागा बदलली. पगार थोडा कमी आहे. पण संध्याकाळी सातला तो खोलीवर येतो आणि घरी फोन करतो. अब्बा पहिला प्रश्न करतात, “आज किती वेळा उडी मारायला लावलंस रे?”